तीन घरांची बंदूक

मुक्काम हट्ट्याजवळची वाडी
भाद्रपद वद्य सप्तमी, शके १८५८

राजमान्य राजश्री ग्यानबादाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, संतरामचा, दंडवत. शकूअक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. नागनाथाच्या कृपेनं औंढ्याकडं समदे खुशाल असतील. इकडं आमी बरे हाओत. म्हैस व्याली, पोरगं चालाय लागलं, आणि तुमच्या सासूबाई (म्हणजे आमच्या मातोश्री) रोज सकाळी "मी आता दोन दिसांची सोबती" म्हणतात आणि वर दोन भाकरी खातात. तवा काळजी नसावी.

तुमचं पत्र पोचलं. तुमाला बंदुकीचा परवाना काढायचा हाय आणि त्यासाठी जामीन म्हणून माझी सही पाहिजे, कारण मी शहाणा माणूस (हे तुमी पहिल्यांदाच म्हणलात, लग्नातल्या रुसव्यात मला काय म्हणला होतात ते मी विसरलो न्हाई). बंदूक काहून पाहिजे तेही मोकळ्या मनानं लिहिलंत. तुमच्या धाकट्या भावानं, सोनाजीनं, सामायिक बांध कोरला, वर विहिरीवर चारचौघांत तुमालाच बांधचोर म्हणला, आणि घरात हत्यार दिसल्याबिगर तो सरळ बोलायचा न्हाई. दाजी, सही करायला कितीसा वेळ लागतो? पण पत्र आणणाऱ्या माणसाजवळ अक्कानं तोंडी निरोप धाडला होता की संतरामला म्हणावं सही करू नको, माझ्या घरात भावाभावांचा मुडदा पडंल. सही केली तर बहीण रडती, न्हाई केली तर दाजी रुसतो. म्हणून आधी आमच्या गावच्या बंदुकीची हकीकत सांगतो, सहीचं मागून बघू.

आमच्या द्वारकाकाकूला तुमी वळखता. उंच, काळीसावळी, कुंकवाच्या जागी गोंदण, आणि बोलणं असं की पाटलानंबी पागोटं सारखं करून ऐकावं. काका वारले तवा त्यांची ठासणीची बंदूक घरातच राहिली, आणि काकूनं खेटे घालून परवाना आपल्या नावावर करून घेतला. इथून गावात दोन तट पडले. गुलाबचंद दुकानदाराचं म्हणणं, एका घरात काहून, घरोघर बंदूक पाहिजे; समद्यांजवळ असली की कुणी कुणाच्या वाटंला जाणार न्हाई, चोर तर शिवंतच शिरणार न्हाई. (बंदुकीची दारू आणि छर्रे तोच इकणार होता, हे तो बोलला न्हाई.) दुसऱ्या तटाचा म्होरक्या मी. माझं म्हणणं, आहे ती बी सरकारजमा करा. पोळ्याला कुणाचा बैल आधी तोरणाखालून जायचा यावरून आपल्यात दरसाल काठ्या निघतात. त्या काठ्यांच्या जागी बंदुका धरून बघा, मग बैल तेवढे राहतील, हाकायला माणूस उरणार न्हाई. गुलाबचंद म्हणला, डुकरं आली तर काय त्यांना भजन ऐकवायचं? त्याचंही खोटं नव्हतं. डोंगराकडून रानडुकरं उतरली की भुईमुगाचं वावर नांगरल्यावानी करून जातात. असा वाद पारावर दोन रोज चालला, आणि दोन्ही रोज काकू एका कडंला बसून सुपारी कातरत होती.

तिसऱ्या रोजी उठली आणि निकाल देऊन टाकला. बंदूक माझ्या घरी खुंटीवर राहील. दारू शेळ्यावाल्या चाँद पाशाच्या घरी. आणि चापाखाली ज्या तांब्याच्या टोप्या लागतात, ज्यांच्याबिगर बार उडतच न्हाई, त्या टोप्यांची डबी संतरामच्या घरी. मी तर गारच पडलो. म्हणलं काकू, मला बंदुकीचं भ्या वाटतं. ती म्हणली, म्हणूनच तुझ्याकडं. आणि दाजी, खरी मेख पुढंच हाय. त्या वक्ताला चाँद पाशाची आणि माझी बोलचाल बंद होती. त्याच्या शेळ्यांनी माझी पऱ्हाटी, उभी कपाशी, खाल्ली, मी शेळ्या कोंडवाड्यात घातल्या, तवापासून आमी एकमेकाला बघून रस्ता बदलत होतो. काकूला हे ठावं होतं. ठावं होतं म्हणूनच तिनं आमा दोघांना निवडलं, हे मला कळायला पुढचा पोळा उजाडला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिस मावळायच्या आत, डुकरांचा कळप काकूच्याच भुईमुगात शिरला. काकू बंदूक घेऊन पाराजवळ येऊन उभी राहिली. चाँद पाशा दारूचा डबा घेऊन माझ्या दारात आला, पण माझ्याशी बोलायचं कसं? तो अंगणातल्या लिंबाकडं तोंड करून म्हणला की काही लोकांच्या घरात टोप्या हैत, त्यांना जरा जल्दी करायला काय तकलीफ हाय? मी माझ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवून म्हणलं की काही लोकांच्या शेळ्यांना दुसऱ्याचं खायला तकलीफ होत न्हाई. तो लिंबाला म्हणला, शेळ्या मुकं जनावर हैत. मी बैलाला म्हणलं, मालक तर मुका न्हाई ना. मग त्याची बायको शरीफाभाभी आली, ती आमा दोघांचं बोलणं इकडून तिकडं पोचवाय लागली, आणि पोचवता पोचवता दोन्हीकडं आपल्या पदरचं घालाय लागली. गाव गोळा झालं. तिकडं डुकरं निवांत जेवून राहिली. मी चोरून काकूकडं बघितलं. वाटलं आता ही खेकसंल, दोन शिव्या हासडंल. पण ती बंदूक मांडीवर आडवी घेऊन पारावर बसून होती. तिचं सालभराचं पीक डोळ्यांदेखत जाऊन राहिलं होतं आणि ती आमी बोलायची वाट बघत होती. दाजी, मला लई लाज वाटली. मीच डबी घेऊन चाँद पाशासमोर गेलो आणि म्हणलं, चल बाबा, माझं चुकलं. त्यानं डोळे पुसले आणि म्हणला, शेळ्या माझ्याच होत्या.

मग आमी तिघं पळत निघालो. काकूनं दारू ठासली, टोपी बसवली आणि आभाळाकडं बार काढला. डुकरं पळाली. मी बी त्यांच्याच दिशेनं पळालो आणि ओघळीत पडलो, ते गाव अजून सांगतं. पण निम्मा भुईमूग गेलाच. मी म्हणलं काकू, आमच्यापायी तुमचं नुकसान झालं. ती शेंगांची उकरलेली माती पायानं सारखी करत एवढंच बोलली, "शेंगा पुढल्या साली येतात रे. माणूस गेलं तर येतं का?" अशी बाई मी दुसरी बघितली न्हाई, आणि बघायची आशाबी न्हाई.

आता मागल्या पंधरवड्यातलं ऐका. ठाण्याचे नवे अमीनसाहेब परवान्यांच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. बंदूक बघितली, दारू मागितली. काकू म्हणली चाँद पाशाकडं. टोप्या? संतरामकडं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणले, कायद्यानं बंदूक एका माणसाची असती, ही कुणाची? काकूनं पदर सावरला आणि म्हणली, "बंदूक माझी हाय, साहेब. पर राग एकट्या माणसाला येतो. म्हणून ती तिघांची करून ठिवली." साहेब उडवून बघू म्हणले. चाँद पाशा बाजाराला गेलेला, मी मळ्यात. आमी दोघं गोळा होईस्तोवर साहेबांनी काकूच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून खाल्ली. बार बराबर निघाला. (मी पडलो न्हाई. चाँद पाशानं मागून सदरा धरला होता.) साहेबांनी परवान्यावर शिक्का मारला, आणि घोड्यावर बसल्यावर आपल्याच कमरेचं पिस्तूल हातानं चाचपत कितीतरी वेळ काकूकडं बघत राहिले.

तर दाजी, अशी आमच्या बंदुकीची हकीकत. पत्र लांबलं, माफी असावी. तुमचा राग मला कळतो. चारचौघांत थोरल्या भावाला चोर म्हणणं हे वाईटच. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि काळ्या गाईच्या मानंवरून माझा हात फिरवावा.

तुमचा आज्ञाधारक,
संतराम

ता. क. सहीचं राहूनच गेलं. सही करतो. पण काकूला विचारून एक अट घातली हाय. बंदूक तुमच्या घरी, टोप्या अक्काच्या ट्रंकेत, आणि दारू सोनाजीच्या घरी. ज्या दिवशी त्याच्यावर बंदूक रोखायची असंल, त्या दिवशी त्याच्याच दारात जाऊन दारू मागायची.

पुन्हा ता. क. हे लिहून झालं आणि दारात कोण उभं म्हणून बघतो तर खुद्द सोनाजी. त्यांनाबी परवाना काढायचा हाय, जामीन म्हणून शहाणा माणूस पाहिजे. थोरल्या भावानं बांध कोरला, म्हणले. मी त्यांनाबी हीच अट घातली, त्यांच्या बंदुकीची दारू, दाजी, तुमच्या घरी. लई संतापले. मग जेवले. आणि निजताना विचारलं की थोरल्याचा गुडघा यंदाच्या पावसात लई दुखला का, संतराम? मी म्हणलं, मला काय ठाऊक, शेजारी तुमी राहता.

आणखी एक. हे पत्र टपालात न टाकता सोनाजीच्याच हाती देऊन राहिलो. आत काय हाय ते ऐकल्याबिगर ते तुमच्या दारातून हलणार न्हाईत, आणि त्यांना वाचता येत न्हाई हे तुमाला ठावंच हाय. लहानपणी तुमच्या वाट्याची गुरं त्यांनी राखली, म्हणून तुमी साळंत गेलात. तवा त्यांना शेजारी बसवून, पहिल्यापासून, मोठ्यानं वाचून दाखवा.