दर्याई नारळाची पेटी

१२ फेब्रुवारी २००७

आजही काही नाही! बागेच्या काचघरात कामाला शिरल्या शिरल्या आधी त्या पेटीकडे धावले. खालून ऊब देणारी तार, वर ओली माती आणि तिच्यात आडवा पडलेला आमचा एकुलता एक दर्याई नारळ. सेशेल्स बेटांवरून परवान्यासकट आला त्याला वर्ष होईल. तिकडे लोक नारळ चोरून नेतात, मग नवी झाडं उगवणार कुठून? म्हणून तर हा रुजायला हवा.

मार्गारेट, माझी बॉस, म्हणते, "सुलक्षणा, लीव्ह इट! कोंब आधी खाली जातो. पान वर दिसायला आणखी वर्ष लागेल." तिला काय, ती इथेच असणार! गिरीशचं इथलं प्रोजेक्ट संपतंय. ३१ मार्चला आम्ही पुण्याला परत.

२५ फेब्रुवारी

सासूबाईंना बाग दाखवली. पेटीपाशी थबकल्या. "अगं, हा तर जहरी नारळ! गिरीशला लहानपणी उलट्या झाल्या की सहाणेवर उगाळून द्यायचे मी. याचं झाड असतं होय?" आधी हसू आलं, मग रागच आला — कुणाचा, कळेना. बसमध्ये त्यांच्याशी धड बोललेही नाही. बिचाऱ्या!

९ मार्च

नाही.

१८ मार्च

हाउन्सलोच्या भाड्याच्या घरात खोकीच खोकी. गिरीश म्हणाला, "तुझा जीव त्या नारळात अडकलाय. रुजला की मार्गारेट ईमेल करेल ना!" ईमेल! वर्षभर राबले ती ईमेलसाठी? मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

२८ मार्च

मार्गारेट सुट्टीवर. किल्ल्या माझ्याकडे. परवा ती आली की हात लावू देणार नाही.

दिवसभर पेटीभोवती घिरट्या घातल्या. दोनदा मातीत बोट खुपसलं, दोनदा काढलं. मेला असेल तर? मेलेल्या नारळाला ऊब देत बसलोय का आम्ही? निदान तेवढं तरी कळू दे, मग सुखाने जाईन. उद्या जरासा कलता करून बघते. जरासाच!

२९ मार्च

कलता केला. कट्! खाली गेलेला कोंब, अंगठ्याएवढा जाड. मी मोडला.

मार्गारेटला फोन करून सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे जिवंत होता तर."