नकाशाच्या खिळ्यावर तापी

१६ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

गेले एकदाचे गजाननभावजी! आणि जाताना आमच्या घरात भांडण ठेवून गेले.

भांडण म्हणजे एक चित्र. भावजी यांचे शाळासोबती, मुंबईत चित्रकला शिकलेले — 'मॉडर्न' म्हणतात तसले. घटस्थापनेला आले आणि रोज सकाळी तापीच्या राजघाटावर जाऊन बसू लागले. आमचे हे नेपानगरच्या कागद मिलमध्ये कारकून, त्यामुळे कागदाचा तोटा नव्हता. संपल्या त्या कोळशाच्या कांड्या! मग भावजींनी आमच्या चुलीशी ठाण मांडलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या डब्यात बंद करून भाजल्या, कोळसा केला आणि त्यानं नदी काढली. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोकं रंगानं चित्र काढतात, हा माह्या चुलीतल्या कोळशानं काढून राह्यला!"

आज इंदूरकडे निघाले. निघताना कागद माझ्या हातात दिला. "वहिनी, हे तुमचं. मोठं चित्र मुंबईत करीन, हा नुसता त्याचा अभ्यास आहे. पण पेटीत ठेवू नका हं — भिंतीवर लावा."

माझं! यांचं नाही, मामंजींचं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या नावानं आलेली ही पहिली वस्तू. संध्याकाळपर्यंत मी दहा वेळा उघडून पाहिली असेल.

१७ ऑक्टोबर

खाली घाटाच्या पायऱ्या — चार-पाच जाड काळे फटकारे. वर पलीकडचा काठ, बोटानं पुसून धुरकट केलेला. आणि मध्ये काहीच नाही. कोरा कागद.

मामंजींनी चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला. "नदी कुठाय? तिथं तर त्यानं काही काढलंच नाही!"

म्हटलं, तीच नदी.

"म्हणजे जिथं काम केलं नाही, ती नदी? आमच्या तहसिलीत असे नद्या काढणारे पुष्कळ होते."

मी पदर तोंडाला लावून आत पळाले. पण मागून आवाज आलाच — "दिवाळीच्या तोंडावर भिंतीला काळं नको. बैठकीत दिसलं तर चुलीत घालीन!" मामंजी बोलतात ते करतात. माझी कवितांची वही त्यांनी अशीच रद्दीत घातली होती.

१९ ऑक्टोबर

चित्र तूर्त आमच्या खोलीत, पिनांवर. सकाळी पाहते तर खाली चुन्याच्या भिंतीवर काळी पूड! हे म्हणाले, "तुझी नदी गळतेय." यांना सगळ्याची थट्टा सुचते. बापासमोर मात्र तोंडात मिठाची गुळणी.

२१ ऑक्टोबर, रविवार

काय झालं आज! लिहितानाही हसू येतंय.

भावजींनी उपाय सांगून ठेवला होता — साय काढलेल्या दुधात पाणी घालायचं, बारीक फवारायचं, म्हणजे कोळसा कागदाला धरून राहतो. फवारायला काय? शेवटी लग्नातली गुलाबदाणी काढली. न्हाऊन आले होते, केस ओलेच. चित्र जमिनीवर कसं ठेवू, म्हणून पाटावर उभं केलं. आणि गुलाबदाणीनं दूध शिंपडू लागले, हळूहळू, डाग पडू नये म्हणून श्वास रोखून.

"काय करून राह्यली वं?"

सासूबाई दारात. त्यांनी पाट पाहिला, गुलाबदाणी पाहिली, वाटीतलं दूध पाहिलं, माझे ओले केस पाहिले. आणि हात जोडले! "तापीमाय! अवं, मंग आधी सांगाचं नं!"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

मामंजी आवाज ऐकून आले, कागद पाहून गुरगुरले. सासूबाई मध्ये उभ्या. "मायले चुलीत घालता का आता?" मामंजी आल्या पावली परत! हे तर पाहण्यासारखं होतं.

२५ ऑक्टोबर

चौकात तसबिरीवाल्याकडे गेलो, मी आणि हे. त्यानं चित्र उलटंसुलटं केलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कौन गुजर गए, बहू?" त्याच्याकडे देव येतात नाहीतर गेलेली माणसं. तिसरं कोणी काच लावायला येतंच नाही. हे म्हणाले, "कोई नहीं भाई, नदी है." त्यानं मान हलवली आणि आपल्या मनानं कडेला सोनेरी बेगड लावून दिली. देवाला लावतात तशी. नको म्हणेपर्यंत खिळे ठोकून मोकळा!

२७ ऑक्टोबर

तसबीर तयार, जागा नाही. बैठकीत एकच धड खिळा, आणि त्यावर मामंजींचा मध्यप्रदेशचा नकाशा. त्याला हात लावायची कोणाची छाती आहे?

१ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान झालं आणि त्याबरोबर राज्यांची नवी वाटणीही झाली! अकोला मुंबई राज्यात, आम्ही मध्यप्रदेशातच. म्हणजे माझं माहेर कालपर्यंत आपलं होतं, आज परराज्यात. भाऊबीजेला भाऊ सरहद्द ओलांडून येणार — काय थाट!

फराळ झाल्यावर मामंजी उठले आणि नकाशा स्वतः खाली उतरवला. कोणी सांगितलं नव्हतं. कितीतरी वेळ नागपूरच्या, कालपर्यंतच्या राजधानीच्या, ठिपक्यावर बोट ठेवून उभे होते. उमेदवारी, बढती, सगळं त्यांचं नागपूरकडे पाहत झालेलं. म्हणाले, "आपण होतो तिथंच आहोत, मंगला. नागपूरच उठून गेलं. आता भोपाळकडे तोंड करायचं." मला फार वाईट वाटलं.

नकाशाची सुरळी होते न होते तोच सासूबाई तसबीर घेऊन हजर. "खिळा मोकळा हाये नं?" टांगलीसुद्धा! मामंजी पाहत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "राहू दे. ही तरी जागची हलत नाही."

जिंकले! माझं चित्र बैठकीत!

३ नोव्हेंबर, पाडवा

जिंकले असं लिहिलं खरं. सासूबाईंनी झेंडूचा हार घातला, तो एवढा घसघशीत की पलीकडचा काठ त्याखाली गेला. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, नेमकी पायऱ्यांवर. गल्लीतल्या बायका दर्शनाला येताहेत. शेजारच्या मालूबाईंनी सासूबाईंना विचारलं, "सोजरबाई, यात देवी कुठं हाये?"

"डोये मिटून पाय, दिसन."

मालूबाईंनी डोळे मिटले. दिसली म्हणाल्या!

४ नोव्हेंबर

परराज्यातून भाऊ आला. चहाच्या आधी तसबिरीच्या पाया पडला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, नाहीतर हसू फुटलं असतं.

८ नोव्हेंबर

मुंबईला परतताना गजाननभावजी आज दुपारपुरते उतरले. मामंजींनीच त्यांना हात धरून बैठकीत नेलं. "या, दर्शन घ्या." बिचारे! स्वतःच्याच चित्राला नमस्कार केला. हे खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मीही हसत होते.

निघताना जोड्यात पाय घालता घालता भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, पेटीत ठेवलं असतं तर बरं होतं. निदान कधी काढून पाहिलं असतं कोणी."

आधी राग आला. एवढी खटपट केली, आणि हे बोलणं! मग रडू आलं, कारण खरंच होतं. पाडव्यापासून मी हार बदलते, काच पुसते, निरांजन लावते. चित्र पाहिलेलं नाही. मला भिंत मिळाली आणि चित्र गेलं.

९ नोव्हेंबर

सासूबाईंना खरं सांगायचं ठरवलंय. भीती वाटते. गल्लीत त्यांचं हसं होईल. माझ्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. आणि देव नाही म्हटलं की मामंजी आहेत, चूल आहे! तरी सांगणार. मोठ्या हौसेनं त्या पूजा करतात आणि मी मागे उभी राहून हसते, हे मला आता सोसवत नाही.

१० नोव्हेंबर

सांगणार होते. त्यांनी माझ्या आवडीचं भरीत केलं. आज नको म्हटलं.

१२ नोव्हेंबर

दुपारी मामंजी झोपलेले. धीर करून बैठकीत गेले. हार काढून खाली ठेवलेला. काच स्वच्छ पुसलेली. सासूबाई समोरच्या भिंतीला टेकून, पाय पसरून, चित्राकडे पाहत बसलेल्या.

म्हटलं, "सासूबाई, ती तापीमाय नाही. नुसतं चित्र आहे."

"मले मालूम हाये." मान वळवली नाही. "सूनबाईचं चित्र म्हटलं असतं तर राह्यलं असतं का भिंतीवर? या घरात मले जे जे ठेवाचं होतं, त्याले मी असंच देव करून ठेवलं." मग बाजूला सरकल्या. "बस इथं. इथून चांगलं दिसते."

बसले. मामंजी उठायच्या आत दोघींनी मिळून हार परत घातला.