बेडक्याला मेडल

दहावा चांद्रमास, तिसरी तिथी. सकाळ.
आमच्या बेडक्याला मेडल! तेही फ्रान्समध्ये. गावच्या शाळेचे ज्याप मास्तर पेपर घेऊन धापा टाकत आले. बेडक्या म्हणजे माझा नातू खोई, मोठा फिजिक्सवाला, तिकडेच राहतो. अशी थंडी तयार केली म्हणे, की अणूसुद्धा हलायचे थांबले. लहानपणी बर्फवाल्याच्या गाडीमागे धावायचा, भाताच्या तुसात बर्फ वितळत का नाही म्हणून. मार खायचा, पुन्हा विचारायचा. पुढचं लिहीत नाही, स्तुती होईल.

त्याच्या आधीच्या दोन भावंडांना छान छान नावं ठेवली होती. येणारा-जाणारा म्हणे, काय गोंडस! भुतांनी ऐकलं, नेली दोन्ही. म्हणून हा बेडक्या. वाढवला मीच, आई-बाप हनोईत कामाला.

पंधराव्या तिथीला ह्यांचं श्राद्ध. येतो म्हणालाय. यंदा ठरवलंय, समोर बसवून एकदा तरी 'शाबास' म्हणायचं. पन्नाशीच्या टकल्याला कोणतं भूत नेतंय?

पाचवी तिथी.
टीव्हीवाले आले. मी जांभळी जाकीटं दोन्ही घालून पाहिली, मग जुनंच घातलं. पोरीनं विचारलं, आजी, लहानपणापासून हुशार असतील ना? सांगणारच होते. पण विचारलं कुठे, तर अंगणात, उघड्या आभाळाखाली, हा एवढ्या मोठ्यानं! मी म्हटलं, कसला हुशार? बेडकासारखं तोंड, बावळट, नाक पुसायची अक्कल नव्हती. मास्तर खोकायला लागले. मग त्यांनीच घडाघडा सांगितलं: प्रांतात पहिला, परदेशी स्कॉलरशिप, दिव्याखाली अभ्यास. मला घाम फुटला. उतारा म्हणून तीनदा थुंकले. कॅमेऱ्याच्या वायरीवर पडलं. मास्तर म्हणाले, म्हातारे, अख्खा प्रांत बघणार आहे! मी म्हटलं, मग बरंच आहे.
शाबासकी घरात द्यायची. अंगणात नाही. ठरलं.

नववी तिथी.
दाखवलं. मास्तरांचं सगळं कापलं, माझं सगळं ठेवलं! शेजारची मेन हसून हसून खाली बसली. म्हणाली, मावशी, हे मोबाईलवरून फ्रान्सला पण पोचलं. चांगलंच झालं. तिकडेही भुतं असतीलच.

अकरावी तिथी. दुपार.
खोईचा फोन. म्हणाला, आजी, टीव्हीवर पाहिलं. मग म्हणाला, एवढं मेडल मिळालं, तरी काहीच नाही का गं म्हणावंसं वाटत? शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात दारातून मांजर आडवं गेलं. मी म्हटलं, केस गेले, आणखी कुरूप दिसतोस. तो म्हणाला, हो आजी. लॅबमध्ये काम निघालंय, बहुतेक जमणार नाही. म्हणजे येणार. लहानपणीही आधी नाहीच म्हणायचा. फोनवर शाबासकी देत नसतात, तारेतून कोण काय ऐकेल.

चौदावी तिथी.
मासा मडक्यात घातला. आलं, मिरी, मासळीचा खार. तुसाच्या आचेवर दिवसभर. शेपटीकडचा तुकडा त्याचा. मेन म्हणाली, मावशी, तो येत नाहीये. तिला काय कळतं, तिचा मुलगा साधा ड्रायव्हर.

पंधरावी तिथी.
उदबत्ती विझली. पाहुणे जेवून गेले. शेपटी मडक्यात आहे.
खोईच्या मुलीचा फोन आला, थ्यूचा. आपली भाषा मोडकीतोडकी बोलते. म्हणाली, पणजी, बाबा म्हणतात, ते तुला कधी आवडलेच नाहीत. खरं का?
मला आधी फार बरं वाटलं. त्यालासुद्धा खरं वाटलं, तर भुतांची काय कथा! इतकी वर्षं बेमालूम फसली सगळी.
तिला म्हटलं, बापाला सांग, मासा खारट झालाय. फोन ठेवला.
मासा खारट नाहीये. चांगला झालाय.
त्याच्याबद्दल एक चांगली ओळ इथे लिहिली होती. खोडली. मला म्हातारपणी वाचायला आलं, तर भुतांनाही येत असेल.