दाराबाहेरचा आवाज

प्रिय मेकॅनिक,

आज दुपारी, तू कामावर असताना, हे पत्र दाराखालून आत सरकवीन. घराची किल्ली माझ्याकडे आहे. तरी दाराखालूनच.

ताईकडे बरं चाललं आहे. भाऊजी मला पाहुण्यासारखं वागवतात, म्हणजे मी खोलीत आले की टीव्हीचा आवाज कमी करतात. ताई तसलं काही करत नाही. काल कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, भांडायचंच आहे तर आपल्या घरी भांडा की, तिऱ्हाइत बाईसमोर जाऊन बसायची कसली हौस? मी म्हटलं, तिथे तो निदान खुर्चीतून उठत नाही. ती म्हणाली, मग खुर्चीशीच संसार कर. मी हसले. गुरुवारी तू उठून गेलास, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ती खोली मला आता पाठ झाली आहे. भिंतींचा तो गार रंग, समोरासमोर नसलेल्या आणि शेजारीही नसलेल्या दोन खुर्च्या, माझ्याच हाताशी ठेवलेला कागदी रुमालांचा डबा. समुपदेशक बाईंनी पहिल्याच वेळी कागदावर वर्तुळ काढलं होतं, आठवतं? मी विचारते, तू गप्प होतोस, म्हणून मी आवाज चढवते, म्हणून तू आणखी गप्प. तुमचं भांडण एकमेकांशी नाही, ह्या फेऱ्याशी आहे, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लग्न मात्र मी ह्यांच्याशी केलं आहे. तू खाली बघून हसलास. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी गुरुवार काढले.

माझं विचारणं तुला जाचतं, मला माहीत आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी माणसांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत असते. एक बरी की दोन? आता? आणि आता? गिऱ्हाईक काहीतरी सांगतं, आणि त्याच्या उत्तरावर मी पुढची काच लावते. उत्तरच आलं नाही तर मला पुढे जाता येत नाही. तू घरी म्हणायचास, आली माझी एक-की-दोन. आधी लाडाने म्हणायचास. नंतर नुसतंच म्हणायचास. मग तेही बंद झालं.

गुरुवारी बाईंनी त्या सकाळचा विषय काढला. मी नेहमीचंच सांगितलं. मी बाथरूममध्ये होते, दाराला आतून कडी, नळ सोडलेला. आपलं बाळ जात होतं आणि मला ते कळत होतं. मी दोनदा तुला हाक मारली. बाहेर काहीच नाही. उठता आलं तेव्हा दार उघडलं, तर तू नव्हतास. हॉस्पिटलात, नंतर घरी, नंतर कुठेही, आपण त्यावर बोललो नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की माझ्याच तोंडी ते घरच्या पत्त्यासारखं सपाट झालं आहे. बाईंनी मला थांबवलं आणि तुला विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठे होतात? तू म्हणालास, दाराबाहेर. कपाळ दाराला टेकून. कडी वाजली तेव्हा गाडी आणायला खाली धावलो.

हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस तू मला हे कळू दिलं नाहीस.

बाई म्हणाल्या, मला नका सांगू, त्यांच्याकडे वळून सांगा. तू खुर्ची वळवलीस. तिचा पाय फरशीवर करकरला. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तू माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणालास, तू विचारलं असतंस, काय होणार? मला माहीत नव्हतं. माहीत नसताना काय बोलणार? बाई म्हणाल्या, इथे जरा थांबू या. आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. पलीकडच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती. तू माझ्याकडे बघितलंस, बाईंकडे बघितलंस, आणि गेलास. खुर्ची तशीच माझ्याकडे तोंड करून राहिली.

मी तुझ्या मागे आले. खोटं का सांगू, भांडायलाच आले. किल्ली तुझ्या अंगावर फेकायची, एवढंच डोक्यात होतं. जिना चढताना तुझा आवाज आला आणि मी वळणावरच थांबले. तू कामावरच्या जोडीदाराला वर मशीन रूममध्ये पाठवलं होतंस आणि स्वतः लिफ्टच्या बंद दारापाशी उभा होतास. आत कुणी बाई होती. दारावर हात आपटत होती, रडत होती, तुला शिव्याही देत होती. आणि तू बोलत होतास. ताई, दार ओढू नका, खाली बसा, पाठ भिंतीला लावा. ओरडा हवं तर, ओरडलात म्हणून मी जाणार नाही. तिने विचारलं, खाली पडेल का? तू म्हणालास, पडणार नाही. तिने विचारलं, कधी उघडणार? तू जरा थांबलास. ते थांबणं मी ओळखते. मला वाटलं, आता गप्प होणार. तर तू म्हणालास, ते मला माहीत नाही ताई, पण मी इथेच आहे, बोलत राहतो. आणि खरंच बोलत राहिलास. तिला नाव विचारलंस, मुलाबाळांचं विचारलंस, तुमच्या इमारतीची लिफ्ट आमच्या सासूबाईंसारखी आहे म्हणालास, मनात असेल तेव्हाच हलते. ती रडता रडता हसली.

माझ्या आईवरचा विनोद! तेही चाललं असतं मला, त्या सकाळी. काहीही चाललं असतं.

तुझं कपाळ दाराला टेकलेलं होतं. दार उघडायच्या आत मी खाली उतरले. त्या अनोळखी बाईचा मला इतका हेवा वाटला की किल्ली फेकायची राहूनच गेली.

तेव्हापासून मी तेच घोळवते आहे. माहीत नसताना काय बोलायचं हे तुला कळतं, मेकॅनिक. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्यामुळे गुरुवारचं तुझं उत्तर मला आता पुरत नाही. आणि दुसरं उत्तर खुर्चीत बसून, बाईंच्या मदतीने, मला नको आहे.

म्हणून लिहिते आहे. रविवारी सकाळी मी घरी येईन. माझ्या किल्लीने दार उघडीन. चहा विचारू नकोस, बॅग कुठे आहे ते बघू नकोस. मी सरळ बाथरूममध्ये जाईन आणि दार लावून घेईन. नळ सोडणार नाही, म्हणजे तुझा श्वाससुद्धा मला ऐकू येईल. तू बाहेर येऊन उभा राहा आणि बोल. मी आतून विचारीन, आपलं पुढे काय होणार, आणि ते तुला माहीत नसेल, मलाही नाही. तरी बोल. मी ओरडेन कदाचित. बाहेर नुसतीच शांतता राहिली, तर मी किल्ली वॉशिंग मशीनवर ठेवून निघून जाईन आणि गुरुवारी त्या खोलीत येणार नाही. ह्या वेळी आतून कडी लावणार नाही. पण दार तू ढकलू नकोस. आधी बोल.

अजून तुझीच,
एक-की-दोन