वाढीव वॉरंटीतला फ्रीज

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, बीड

अर्जदार : बंकट म्हाळू शेंडगे, वय ४३, धंदा मेंढपाळ, रा. तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड

विषय : फ्रीजची वाढीव वॉरंटी घेतल्यामुळे दुरुस्ती अडून राहिली व आतील औषध खराब झाले, त्याची चौकशी होणेबाबत.

संदर्भ : कंपनीचे दि. १२ मे २०२५ चे पत्र, ‘तक्रार समाधानकारकरीत्या निकाली’.

महोदय,

वरील पत्र मला मान्य नाही. त्याची कारणे खाली सादर करतो.

१. माझी मुलगी धनश्री, इयत्ता आठवी. अकराव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई लागे. ते औषध थंडाव्यात ठेवावे लागते. सुरुवातीला माझी पत्नी रुक्मिणीबाई बाटल्या ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. पुढे आठ मेंढ्या विकून आम्ही गेवराईच्या दुकानातून फ्रीज घेतला.

२. दुकानदाराने वॉरंटी आणखी तीन वर्षे वाढवून घेण्याचा आग्रह केला. पत्नी दुकानातच म्हणाली, “कागद कावून घ्यायचा? आपला रामकिसन हाय की गावात.” रामकिसन म्हणजे आमच्या गल्लीतला फ्रीज, मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. मी तिचे ऐकले नाही. वर्षातले सहा-सात महिने मी मेंढरे घेऊन पैठणच्या अंगाला असतो. माझ्या माघारी तिला कुणाच्या दारी जावे लागू नये, फोन केला की कंपनीचा माणूस यावा, एवढ्यासाठी मी वॉरंटी वाढवून घेतली. हा निर्णय सर्वस्वी माझा होता.

३. दि. १४ एप्रिल रोजी फ्रीज बंद पडला. आत दिवा लागे, पण गारवा नव्हता. पत्नीने कार्डावरच्या नंबरला फोन केला. माणूस दोन दिवसांत येईल, तोवर दार उघडू नका, आतला गारवा टिकेल, असे तिला सांगण्यात आले. म्हणून तिने बाटल्या बाहेर काढल्या नाहीत. फक्त सुईच्या वेळी दार उघडायची.

४. दुसऱ्या दिवशी रामकिसन हत्यारे घेऊन आपणहून आला. मागून बघून म्हणाला, “वहिनी, रिले गेलाय. तासाभराचं काम हाय.” पत्नीने मला फोन लावला आणि कार्डावरची अट वाचून दाखवली : बाहेरच्या माणसाने फ्रीज उघडल्यास वॉरंटी रद्द. मी म्हणालो, “त्याला हात लावू देऊ नकोस. कार्ड बाद होईल.” रामकिसन परत गेला.

५. दि. १७ रोजी कंपनीचा संदेश आला की ग्राहक घरी नसल्याने भेट रद्द. त्या दिवशी पत्नी सकाळपासून उंबऱ्यात बसून होती. पाणी आणायलासुद्धा गेली नाही. नवीन तक्रार नंबर मिळाला. दि. २० रोजी पुन्हा तसाच संदेश, पुन्हा नवीन नंबर. त्या आठवड्यात आमच्याकडे पत्र्याखाली उभे राहवत नव्हते.

६. दि. २१ पासून धनश्रीला लई तहान लागू लागली. दि. २२ ला उलट्या सुरू झाल्या. ऊन लागले असेल म्हणून घरच्यांनी कांद्याचा रस दिला. दि. २३ ला गेवराईला नेले, तेथून बीडला. डॉक्टर म्हणाले, साखर एवढी आहे की मशीन आकडा दाखवत नाही. दि. २४ ला दुपारी ती गेली. मी पैठणकडून पोचलो तेव्हा तिला घरी आणून ठेवले होते.

७. दि. २ मे रोजी कंपनीचा माणूस आला. त्याने चाळीस मिनिटांत रिले बदलला. पैसे घेतले नाहीत. त्याच्या मोबाईलवर पत्नीची सही घेतली. त्या सहीवरून संदर्भीय पत्रात आमचे समाधान झाले असे लिहिले आहे. फ्रीज आता उत्तम चालतो. वॉरंटी आणखी दोन वर्षे वाढवा, सवलत आहे, असा फोन या महिन्यात दोनदा आला.

८. मला नुकसानभरपाई नको. ‘समाधानकारक’ हा शब्द कंपनीच्या दप्तरातून काढावा. फ्रीजमध्ये औषध असेल आणि दोन दिवसांत माणूस आला नाही, तर गावच्या मिस्त्रीला बोलावण्याची मुभा असावी व ते कार्डावर पहिल्याच ओळीत मराठीत छापावे. तसेच उरलेली एक बाटली सोबत दिली आहे. तिच्यातले औषध निकामी झाले होते काय, ते तपासून घ्यावे.

९. एक विनंती वेगळी आहे. धनश्रीला सुई पत्नीच द्यायची. त्या दहा दिवसांत एकही वेळ चुकवली नाही, असे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. त्या एका गोष्टीवर ती उभी आहे. बाटली मी तिला न सांगता आणली आहे. तरी तपासणीचा निकाल टपालाने घरी पाठवू नये, मला बोलावून तोंडी सांगावा. मला लिहिता-वाचता येत नाही, हा अर्जही गेवराईत लिहून घेतला आहे. घरी आलेले पत्र तीच वाचते.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,

(डाव्या अंगठ्याचा ठसा)
बंकट म्हाळू शेंडगे
तलवाडा, दि. १६ जून २०२५

सोबत : वॉरंटी कार्डाची प्रत, कंपनीच्या दोन संदेशांची प्रत, मृत्यूचा दाखला, औषधाची बाटली एक (अर्धी).