लायब्ररीत तुमच्याबद्दल बोलले ते

बाई, गेल्या आठवड्यात इथे ग्लासगोच्या लायब्ररीत तुमच्या कवितांचा कार्यक्रम झाला. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक तुम्हाला वाचतात. तुमच्याकडे इंग्रजी वाचायला शिकलेली म्हणून मलाही बोलायला बोलावलं. मुलगा गाडीत म्हणाला, "आई, फाइव्ह मिनिट्स हं. पाल्हाळ नको."

मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या दुपारी सांगणार होते. तुम्ही वांगी चिरताय, मी टेबलाशी बसून तुमचाच निबंध मोठ्याने वाचतेय, अडले की तुम्ही मान वर न करता शब्द सांगताय. तुम्हाला तो मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा, तुम्ही मूळच्या पॅलेस्टाइनच्या म्हणून, पेपरात तुमच्याबद्दल 'पॅलेस्टाइनचे अश्रू' वगैरे छापून आलं. मी कौतुकाने वाचून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "मी आजोबांच्या गाढवावर लिहिलं, इथल्या जिना झाडण्यावरून होणाऱ्या भांडणांवर लिहिलं. यांना अश्रूच दिसतात. तू तरी नीट वाच."

नीट वाचलं होतं, बाई. पण समोरचे सगळे मान कलती करून अशा काही अपेक्षेने बघत होते, की मी बोलून गेले, "बाई भांडी घासताना गावच्या आठवणीने रडायच्या." पुढच्या रांगेत लोकांनी डोळे पुसले.

नंतर तुमची मुलगी माझा हात धरून उभी राहिली. "आन्टी, माझ्यासमोर ती एकदाही रडली नाही. मला वाटायचं तिला कशाचंच काही वाटत नाही, माझंसुद्धा. आज बरं वाटलं." तुमच्या निबंधांची नवी आवृत्ती निघतेय, त्यात घालायला हे लिहून द्या म्हणाली. मी हो म्हटलं. रविवारी न्यायला येणार आहे.

तुम्ही जे जन्मभर नाकारलंत, तेच मी तुमच्या माघारी तुमच्या गळ्यात घातलं. तोंड दाखवायला जागा नाही. आणि आता खरं काय ते सांगितलं, तर त्या पोरीला मिळालेलं परत काढून घेतल्यासारखं होईल.

तुमच्या स्वयंपाकघरात रडायचे ती मी. आमचे हे गेले तेव्हा सगळे म्हणायचे, काय धीराची बाई. मला ते आवडायचं. लायब्ररीत मुलगा समोर बसलेला, माझं रडणं माझं म्हणवेना. तुमच्याकडे मात्र एकदा वाचता वाचता मला रडू फुटलं. तुम्ही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात आणि वांगी करपली तरी उठला नाहीत. तिला हेच द्यायला हवं.

पण हे मराठीत लिहिलंय, तुम्हाला वाचताही आलं नसतं. तिच्यासाठी इंग्रजीत लिहायचंय, ते अजून सुरू केलेलं नाही.