परतीचे क्रेट

४ मार्च
साहेबांनी माझी योजना मंजूर केली. आपला साबण यापुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून नाही, प्लास्टिकच्या क्रेटमधून दुकानांत जाणार. रिकामे क्रेट त्याच ट्रकने परत, धुऊन पुन्हा भरायचे. कचरा शून्य. अशी सप्लाय चेन या कारखान्यात कुणाच्या डोक्यात आली नव्हती. साहेब म्हणाले, महिनाअखेर निम्मे तरी परत आले तर प्रमोशन, नाहीतर टेबल रिकामं करा. निम्मे? किरकोळ.

६ मार्च
गोडाऊनमधली सगळी खोकी रद्दीत काढली. परतीचे दोर कापलेले बरे. गोडाऊनवाले काका म्हणाले, चार ठेवा, अडीअडचणीला लागतात. काकांना सस्टेनेबिलिटी कळत नाही.

११ मार्च
पाचशे क्रेट गेले. परत शून्य. सुरुवातीला असं होतंच.

१५ मार्च, सकाळी
शून्य. ड्रायव्हर सांगतो, एक दुकानदार क्रेटवर बसतो, एकाने कांदे भरलेत, एकाच्या आईने रोपं लावलीत. सगळे म्हणतात, कंपनीने भेट छान दिली. म्हणजे योजना आवडली. अहवालात तसंच लिहिलं.

संध्याकाळी
परत द्यायचेत, हे दुकानदारांना सांगायला हवं होतं का? क्रेटवर गोल फिरणाऱ्या बाणांचं हिरवं चिन्ह आहे की. आणखी किती सांगायचं माणसाने?

२१ मार्च
एक आला! तो दुकानदार धंदा बंद करतोय म्हणून, पण आला. चेन फिरली. स्वतः धुतला, टेबलाशेजारी ठेवला. बायकोला फोन केला. तिने विचारलं, बाकीचे चारशे नव्याण्णव? तिचा स्वभावच तसा.

२६ मार्च
क्रेट नाहीत, खोकीही नाहीत. साबण पोत्यांतून पाठवला. चेपला. तो मात्र सगळा परत आला. साहेब बराच वेळ ओरडत होते. त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटलंय. मला काहीच वाटलं नाही.

३१ मार्च
टेबल रिकामं केलं. नऊ वर्षं बसलो तिथे. वाईट वाटेल म्हणून जरा थांबलो. नाही वाटलं. सामान न्यायला काकांकडे एखादं खोकं मागितलं. त्यांनी रिकाम्या गोडाऊनकडे बोट दाखवलं. शेवटी तोच क्रेट उचलला. सोमवारी परत आणतो, असं रजिस्टरमध्ये लिहून सही केली.

घरी बायको म्हणाली, क्रेट दणकट आहे हो. माझं सामान बाहेर काढून तिने त्यात सगळ्यांच्या चपला रचल्या. अगदी मापात बसल्या.